आडव्या वेलींच्या बाई

बाई थुंकायच्या. आणि इतक्या नेटक्या थुंकायच्या, की पाहणाऱ्यालाही दोन मणी तोंडात टाकून थुंकावंसं वाटावं.

म्हणजे असं. घडातला एक मणी तोडायचा, तोंडात टाकायचा, डोळे मिटायचे. गर गिळायचा, साल दाढेखाली रगडायची. मग डाव्या तळहातावर बिया अलगद थुंकायच्या आणि उन्हात धरून, ज्योतिषानं पत्रिका पाहावी तशा पाहायच्या. बी हिरवी असली की मान नकारार्थी हलायची. तपकिरी असली की एक बी पुन्हा तोंडात जायची, दाताखाली कट्कन फुटायची, आणि बाई माझ्याकडे वळायच्या.

"बी काय म्हणतेय, पत्रके?"

"मला काही ऐकू येत नाही, बाई."

"कसं येईल? तुला बोलायची सवय. ऐकायची कुठंय?"

पत्रके हे माझं आडनाव नव्हे. ते बाईंनी ठेवलेलं नाव. माझे आईवडील चळवळीतले. आमच्या घरात पाहुण्यांना बसायला जागा नसायची, कारण खुर्च्यांवर पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून, आणि त्यातली निम्मी पत्रकं दारूबंदीची. आमच्याकडे गावातलं दारूचं दुकान ठेवायचं की घालवायचं यावर बायकांचं मतदान व्हायचं, तेव्हा मतपत्रिकेवर दोन बाटल्या असायच्या. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. मी शाळेच्या दप्तरात आडव्या बाटलीची चित्रं घेऊन गल्लीगल्ली हिंडले आहे. "ताई, आडवी! मावशी, आडवी!" एवढं ओरडता येणं म्हणजे राजकारण, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती, आणि ती समजूत फार चुकीची होती असं मला आजही वाटत नाही.

अशी मी जपानमधल्या त्या मोठ्या भूकंप-त्सुनामीनंतर काही वर्षांनी तिथल्या उत्तर टोकाला, सापोरोला, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांवर पीएचडी करायला येऊन पडले. तिथल्या मूठभर मराठी माणसांच्या गणपतीत बाई भेटल्या. पन्नाशी उलटून गेलेल्या, ठेंगण्या, पायात गमबूट. गणपतीला गमबूट घालून आलेली बाई मी तोपर्यंत पाहिली नव्हती. त्या तिथल्या एका शेती संशोधन संस्थेत द्राक्षांवरच्या रोगांचा आणि थंडीचा अभ्यास करायच्या, मूळच्या तासगावच्या.

"सुटीच्या दिवशी काय करतेस?"

"बाइतो शोधतेय." शिकता शिकता करायच्या फुटकळ नोकरीला इथं बाइतो म्हणतात.

"मग द्राक्षं तोडायला ये."

"कसली द्राक्षं?"

"वाइनची."

मी उभ्या जागी भाषण दिलं. दारू, भांडवल, बाईच्या अंगावरचे वळ, सगळं आलं त्यात. बाई शांतपणे मोदक खात ऐकत राहिल्या. भाषण संपल्यावर त्यांनी बोटं चाटली आणि विचारलं, "चांगलं आहे. पाठ केलंयस, की सुचलं?"

मी गेले. शेतमजुरांचं शोषण आतून पाहायला मिळेल असं कारण मी स्वतःला दिलं होतं. पहिल्याच दिवशी बाईंनी स्वतःच्या डब्यातली भाकरी मला दिली आणि त्या स्वतः बिस्किटांवर राहिल्या. शोषणाचा मुद्दा त्या दिवसापुरता बाजूला राहिला.

बाग योइचीला होती. सापोरोहून ओतारूपर्यंत गाडी, तिथून पुढे दोन डब्यांची डिझेलवर चालणारी छोटी गाडी. ती डोंगरातून धापा टाकत जायची, आणि त्या गाडीत बाई मला भूगोल शिकवायच्या. फळा म्हणून त्यांच्या हातात ओनिगिरी असायचा. स्टेशनबाहेरच्या कोंबिनीतून, म्हणजे सदा उघड्या असणाऱ्या दुकानातून घेतलेला भाताचा तिकोनी मुटका.

"हे बघ. या दोन बाजू म्हणजे डोंगर. मागून येणारा गार वारा अडवतात. ही मोकळी बाजू म्हणजे समुद्र. समुद्रातून दक्षिणेकडचा कोमट प्रवाह वर येतो. म्हणून एवढ्या उत्तरेला असूनही इथं दात वाजतात, पण मोडत नाहीत."

"आणि आपण कुठे?"

बाईंनी मुटक्याचा टोकाचा घास घेतला. आतलं आंबट, लालभडक आलुबुखार दिसायला लागलं. "हे आपण. मधोमध, आंबट." मग उरलेले डोंगर खात त्या म्हणाल्या, "डोंगरापलीकडे सोराची. जुना कोळशाच्या खाणींचा मुलूख. तिथं समुद्र नाही, थंडी जास्त, पण बर्फ पुरुषभर पडतो. ते त्याचं नशीब."

बर्फ पडणं हे नशीब कसं, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "हिवाळ्यात कळेल." बाईंची ही खोड होती. उत्तर माहीत असलं तरी ऋतू आल्याशिवाय द्यायचं नाही.

जाती मात्र त्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवल्या, त्याही लग्न जुळवणाऱ्या बाईच्या थाटात. केर्नर नावाचं पांढरं द्राक्ष जर्मनीकडचं. "हा सरकारी नोकरीतला जावई. थंडी असो, वारा असो, वेळेवर येणार. कौतुक कुणी करत नाही, पण घर त्याच्यावर चालतं." ऑस्ट्रियाकडून आलेलं काळं त्स्वाइगेल्ट म्हणजे थोरली सून, मागाल तेवढं पिकणार आणि एक शब्द बोलणार नाही. मला हा शेरा अजिबात आवडला नाही आणि मी तसं सांगितलं.

"बाई, थोरल्या सुनांनी बोललं पाहिजे."

"बोलते की. जास्त घड ठेवलेस तर पुढच्या वर्षी काहीच देत नाही. संपच तो."

पिनो नुआरवर मात्र बाईंचा जीव. पातळ सालीचा, लगेच आजारी पडणारा, एका उतारावर गोड तर शेजारच्या उतारावर रुसलेला. "एकुलता एक मुलगा. पाच आत्यांनी वाढवलेला." नायगारा जातीचे घड पिकले की त्यांचा घमघमाट रस्त्यापर्यंत यायचा. "हा मामा. अत्तर लावून लग्नाला आलाय. आत फारसं काही नाही, पण याच्याशिवाय लग्नाला मजा नाही." आणि कुंपणाच्या पलीकडे, रानात, झाडांवर चढलेली एक जंगली वेल होती. यामाबुदोऊ, म्हणजे डोंगरी द्राक्ष. मणी बारीक, काळे, आणि इतके आंबट की डोळ्यांत पाणी यावं. कुणी लावत नाही, कुणी छाटत नाही, कसल्याही थंडीनं मरत नाही.

"आणि ही कोण?" मी विचारलं.

"ही तू," बाई म्हणाल्या आणि पुढच्या ओळीकडे गेल्या.

बागेचे मालक सत्तरीचे, एकटे राहायचे; संस्थेचे प्रयोग बाई त्यांच्याच वेलींवर करायच्या. फुकुशिमाकडे त्यांची पीचची बाग होती. त्सुनामीत तिथल्या अणुवीज केंद्राला अपघात झाला, गाव सोडावं लागलं आणि ते इथं उत्तरेला आले, ज्या वयात माणसं झाडाखाली बसतात त्या वयात पुन्हा रोपं लावायला. बाई त्यांना 'पाटील' म्हणायच्या. त्याचा अर्थ त्यांनी विचारला तेव्हा बाईंनी सांगितलं होतं, "ज्याची जमीन ज्याच्या कपाळावर दिसते असा माणूस." तेव्हापासून पाटील म्हटलं की म्हातारा "हाइ!" म्हणून ताठ उभा राहायचा.

मी त्यांच्या मागेच लागले होते. घरी मी कोकणातल्या अणुप्रकल्पाविरुद्धची पत्रकं वाटली होती, आणि इथं साक्षात त्या पत्रकांतला माणूस उभा होता. मी म्हटलं, तुमच्यावर अन्याय झालाय, तुम्ही बोललं पाहिजे, मी लिहीन. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, वाकून आभार मानले आणि माझ्या हातात कात्री दिली.

"बोलू दे ना त्याला त्याच्या वेळेनं," बाई म्हणाल्या.

"अन्यायाला वेळ नसते, बाई."

"अन्यायाला नसेल. माणसाला असते."

एकदा, डबा खाताना, कुणी काही विचारलेलं नसताना पाटील म्हणाले, "त्या वर्षी पीच फार गोड झाले होते." एवढंच. मग त्यांनी चहा ओतला. त्या वाक्यावर मी आजपर्यंत पत्रक लिहू शकलेले नाही.

आमची खरी भांडणं व्हायची ती दारूवरून. बाई स्वतः पीत नसत. एक थेंब नाही. वाइन चाखायची वेळ आली तर तोंडात घोळवून बादलीत थुंकायच्या. मी म्हणायचे, हा शुद्ध दांभिकपणा आहे. त्या म्हणायच्या, "तुझ्या पत्रकात थुंकण्याबद्दल काय म्हटलंय?" मी म्हणायचे, पत्रकात विषाची शेती करण्याबद्दल म्हटलंय. मग त्या गंभीर व्हायच्या.

"तुझी पत्रकं खरी आहेत गं. माझ्या गल्लीतली दोन घरं मी दारूनं बसलेली पाहिलीत. पण द्राक्षानं काय केलं?"

मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. द्राक्षानं काही केलं नाही हे खरं, पण बाटलीनं केलंय, आणि दोघांच्या मध्ये कुणीतरी उभं असतंच. फक्त एक गोष्ट मला बाईंच्या तोंडून कळली, जी कुठल्याही पत्रकात नव्हती. त्या या फंदात पडल्या त्या दारूसाठी नव्हे, बियांसाठी. तासगावला द्राक्षं बिनबियांची. खायला सोपी, विकायला सोपी, बेदाण्याला उत्तम. "पण ज्याला बीच नाही, त्याला विचारायचं काय? लहानपणापासून मी बागेत हिंडायची आणि मला वाटायचं, सगळी मुकी आहेत." शेतकी कॉलेजात त्यांनी पहिल्यांदा वाइनचं, बियांचं द्राक्ष खाल्लं, आणि संपलं.

त्यांच्या वडिलांच्या गळ्यात माळ होती. मुलगी दारूच्या द्राक्षांचं शिक्षण घ्यायला परदेशी निघाली तेव्हा त्यांनी सांगितलं, तुझ्या बागेतला मणी या घरात कुणी तोंडात घालणार नाही. वडील गेले. शब्द मात्र धाकट्या भावानं सांभाळला, जसा बैलजोडीबरोबर वाटणीत आला असावा तसा. गावी गेल्या की बाईंचं सगळं व्हायचं, भाऊबीज व्हायची, साडी व्हायची. पण भाऊ त्यांच्याशी थेट बोलायचा नाही. "आक्काला विचारा, चहा घेणार का," असं भिंतीला सांगायचा, आणि बाई भिंतीला सांगायच्या, "घेईन म्हणावं." दिवाळीच्या फोनवर वहिनी बोलायची.

हे सांगताना बाई हसायच्या. मीही हसायचे. एकदा मात्र हसता हसता त्या म्हणाल्या, "तीस वर्षं मी द्राक्षं पिकवतेय, आणि ज्याला द्राक्षातलं कळतं असा माझ्या घरचा एकच माणूस, त्यानं माझा एक मणी खाल्लेला नाही. जपानी लोक चांगलं म्हणतात गं. पण ते सगळ्यालाच चांगलं म्हणतात."

मग तो दौरा आला.

सांगलीकडचे द्राक्ष बागायतदार जपानच्या अभ्यासदौऱ्यावर येणार होते. खाण्याच्या द्राक्षांच्या बागा दक्षिणेला पाहायच्या, आणि परत जाण्याआधी उत्तरेला एक चक्कर. दुभाषी म्हणून मला विचारणा झाली. मी बाईंना सांगायला गेले तर त्यांना आधीच माहीत होतं. वहिनीचा फोन येऊन गेला होता.

"तो पण येतोय," बाई म्हणाल्या. "पण बागेत उतरणार नाही म्हणालाय. बसमध्ये बसून राहणार."

"मग कशाला येतोय?"

"ते त्याला विचार. आणि काही बोलला तर मला सांग."

दौरा नोव्हेंबरात होता, आणि नोव्हेंबरात योइचीच्या बागेत काहीही उरत नाही. ऑक्टोबरातच काढणी होते. तरी बाईंनी पाटलांना गळ घालून उतारावरच्या शेवटच्या ओळीतले केर्नरचे घड ठेवायला लावले. उशिरापर्यंत वेलीवर राहिले की आणखी गोड होतात, असं शास्त्रीय कारण त्यांनी दिलं. पाटलांनी आभाळाकडे पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला, "युकि." बर्फ.

तेव्हा मला गाडीत न मिळालेलं उत्तर मिळालं. या मुलखात वेली लावतानाच तिरप्या लावतात. हिवाळ्याच्या तोंडाशी छाटणी करून, तारा सैल करून, आख्खी वेल जमिनीवर आडवी निजवतात. वरून बर्फ पडला की तोच पांघरूण होतो. वर हाडं गोठवणारी थंडी, खाली मात्र वेल उबेला. उभी राहिलेली वेल गारठून मरते. वसंतात बर्फ वितळला की एकेक उचलून पुन्हा तारेला बांधायची.

"म्हणजे तुम्ही इथं सगळ्यांना आडवं करता," मी म्हटलं.

"मग! तुझ्या चळवळीला बरं वाटेल."

तो आठवडाभर पाटील आणि आम्ही ओळींमागून ओळी निजवत होतो. शेवटची तेवढी उभी, घड अंगावर घेऊन. दौऱ्याच्या दिवशी सकाळी आभाळ राखेच्या रंगाचं झालं. पाटील म्हणाले, आज संध्याकाळच्या आत ती ओळ आडवी झाली पाहिजे, पाहुणे येवोत न येवोत. बाई रस्त्याकडे पाहत होत्या. त्यांनी त्या दिवशी गमबूट धुतले होते.

बस उशिरा आली. मंडळी उतरली. डोक्याला माकडटोप्या, अंगात दोन दोन स्वेटर, हातात भडंगाच्या पिशव्या. बाईंनी स्वागताचं पहिलं वाक्य बोलायला तोंड उघडलं, पण कुणी ऐकत नव्हतं. सगळे उताराकडे पाहत होते.

तुम्ही द्राक्षाच्या मुलखातले असाल तर तुम्हाला सांगायला नको. आडवी झालेली बाग या माणसांनी संकटातच पाहिलेली असते. गारपीट झाल्यावर, नाहीतर फळांच्या ओझ्यानं मंडप कोसळल्यावर. त्यांच्यासमोर आख्खा डोंगरउतार भुईसपाट पडला होता. भडंग खाणारे हात थांबले. एकानं माकडटोपी काढली. सगळ्यात वयस्कर होते ते पुढे गेले, पाटलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "लई वंगाळ झालं. धीर धरा, मालक. आमच्याकडंबी झालंय असं. माणूस पुन्हा उभारतोच."

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. तुमचं फार मोठं नुकसान झालंय, धीर धरा, आमच्याकडेही असं झालंय, माणूस पुन्हा उभारतो.

 पाटील वाकले, कमरेतून, खूप खाली, आणि वर यायला त्यांना वेळ लागला. "इतक्या लांबून," ते म्हणाले, "आमच्या पीचच्या बागेसाठी..." त्यांना वाटलं, ही परदेशी माणसं फुकुशिमाबद्दल बोलताहेत. मी काही दुरुस्त केलं नाही. त्यात चूक कुठे होती?

बाई तोवर हात हलवून ओरडत होत्या, "अहो काही झालेलं नाही! झोपवल्यात वेली! थंडीसाठी!" हळूहळू मंडळींना उमगलं, मग हशा पिकला, मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. त्या गडबडीत कुणाचंच लक्ष नव्हतं की बसचं दार पुन्हा उघडलंय.

भाऊ काचेतून सगळं पाहत होता. त्याला आमचं बोलणं ऐकू येत नव्हतं. त्याला दिसली ती फक्त आक्काची बाग, भुईवर झोपलेली, आणि टोपी काढून उभी असलेली माणसं. तो उतरला. पंचावन्न वर्षांचा, दांडग्या मिशांचा माणूस, धोतरावर कोट घातलेला. तो आमच्याकडे आलाच नाही. तरातरा उतार चढून शेवटच्या ओळीच्या टोकाशी गेला. त्या ओळीतली अगदी कडेची एक वेल, घड काढून घेतलेली, पाटलांनी सकाळीच आडवी केली होती. ती त्यानं दोन्ही हातांनी, आजारी माणसाला उठवावं तशी उचलली. खांबाला टेकवली. कोटाच्या खिशातून सुतळी काढली. जपानच्या दौऱ्यावर येताना खिशात सुतळी घेऊन येणारा माणूस मी तो एकच पाहिला. आणि तो वेल बांधायला लागला.

बाईंनी पाहिलं आणि पळाल्या.

"बाळ्या! आडवी ठेव ती! आडवी!"

"उभी करतोय न्हवं!" तो भिंतीशी नव्हे, थेट त्यांच्याशी ओरडला. "पडलीया समदी! उभी करायला नगं?"

"अरे आडवीच असते! आडवी!"

"उभी!"

"आडवी म्हणते ना!"

मी तिथंच खाली बसले. हसून हसून माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं. माझं आख्खं बालपण त्या दोन शब्दांत गेलं होतं, आणि ते ऐकायला मला जगाच्या या टोकाला, दारूच्या द्राक्षांच्या बागेत यावं लागलं. आणि मत? त्या दिवशी मला कुणी मतपत्रिका दिली असती तर ती मी कोरीच टाकली असती.

बाईंनी त्याला सगळं समजावलं. तो सुतळीचं टोक हातात धरून ऐकत राहिला.

"मेल्या न्हाईत व्हय?"

"नाही रे. निजल्यात."

"मग बर्फ?"

"तेच पांघरूण."

त्यानं हातातलं टोक ओढून, सवयीनं, दुहेरी गाठ मारून टाकली.  मंडळी दुरून पाहत होती. एकदम बसमध्ये परत जाणंही त्याला अवघड झालं असावं. त्यानं शेजारच्या वेलीचं वाळकं पान उलटं करून पाहिलं आणि विचारलं,

"भुरी पडत न्हाई हितं?"

भुरी हा द्राक्षावरचा पांढरा रोग, त्याच्यावर बाईंची निम्मी हयात गेलेली. तीस वर्षांनी भावानं विचारलेला हा पहिला प्रश्न. बाईंनी जे उत्तर सुरू केलं ते थांबेना. पडते, पण पाऊस कमी, आपल्यासारखा पावसाळा इथवर पोचत नाही, समुद्राचा वारा पानं कोरडी ठेवतो. तो मध्ये मध्ये "खोटं," "काय सांगतीस," "मग फवारण्या किती?" असं टाकत होता. दोघं शेवटच्या ओळीतून चालत होती. बाई हातवारे करत बोलत होत्या, आणि तो ऐकता ऐकता, बागायतदाराच्या सवयीनं, घडाला हात लावून वजन पाहत होता, मणी दाबून पाहत होता, तोडत होता, आणि तोंडात टाकत होता.

माझ्या लक्षात आलं तेव्हा मी काही बोलायला गेले. बाईंनी माझ्याकडे न पाहता पाठीमागे हात करून मला गप्प बसवलं. त्या भुरीवर बोलतच राहिल्या. आवाज तेवढा जरा वर चढला होता.

ओळीच्या शेवटाला तो थांबला, थुंकला, आणि वैतागून म्हणाला, "आक्का, बिया किती गं ह्या!"

बाई वळल्या आणि खांबाशी काहीतरी करू लागल्या. खांबाशी करण्यासारखं काही नव्हतं.

भावाच्या हातात रिकामा देठ होता. त्यानं तो पाहिला, आमच्याकडे पाहिलं, आणि कोटाच्या खिशात घातला. "द्राक्षच हाय ते," तो आम्हा सगळ्यांना दटावल्यासारखा म्हणाला. "अजून काय बाटलीत गेलं न्हाई."

तेवढ्यात पहिला बर्फ भुरभुरायला लागला. पाटील ओरडले, आणि मग मी पाहिली ती त्या बागेतली सगळ्यात गोंगाटाची ओळ. घड उतरवून, तारा सैल करून, तासगावच्या मंडळींनी कोटाच्या बाह्या वर सारून केर्नरची शेवटची ओळ निजवली. "हळू रं! मानेखाली हात घाल! लेकरू हाय ते!" पाटील मागून मागून "हाइ, हाइ" करत चालले होते. टोकाच्या त्या एका वेलीपाशी ते आले आणि सुतळीची गाठ सोडायला वाकले. बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"ती असू दे, पाटील."

उभी राहिली तर ती वेल वरून मरणार, हे त्या दोघांच्या हातांना सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. पाटलांनी वाद घातला नाही.

बसमध्ये चढताना भाऊ पायरीवर थांबला आणि वळून म्हणाला, "एप्रिल छाटणीला ये. माणसं मिळंनात." तासगावच्या बागायतदाराच्या तोंडून यापेक्षा मोठं आमंत्रण नसतं, असं बाईंनी मला नंतर समजावून सांगितलं. दोनदा.

मार्चअखेर त्या निवृत्त झाल्या आणि छाटणीला गेल्या. महिनाभर म्हणून गेल्या. फोनवर सांगतात, इथं बाळ्या फवारण्या फार करतो, ऐकत नाही, रोज भांडण होतं. त्यांचा आवाज आता खणखणीत लागतो, भिंतीशी बोलावं लागत नाही. योइचीला परत कधी, हे मी विचारायचं सोडून दिलंय. त्यांच्या जागी आलेला तरुण संशोधक हुशार आहे. तो मणी यंत्रात पिळून साखर मोजतो.

मी अजून नोव्हेंबरात वेली निजवायला जाते. गेल्या हिवाळ्यात बर्फ पडून गेल्यावरही गेले. सगळा उतार पांढरा, सपाट. खाली बाग आहे हे सांगूनही कुणाला खरं वाटू नये. फक्त वर, टोकाशी, बर्फातून एक काळी काटकी वर आली होती आणि तिच्यावर सुतळीचा तुकडा वाऱ्यात फडफडत होता. ती वेल बर्फाच्या वर केव्हाच मेलीय. खालून दर वसंतात फुटते, आणि ती फूट पाटील दर वर्षी इतरांबरोबर निजवतात. वरचं लाकूड मात्र कापत नाहीत. सुतळी कुजली की नवी बांधतात, तशीच दुहेरी गाठ मारून.

मी त्यांना विचारलं, हे कशासाठी?

पाटलांनी बर्फावरून त्या काटकीपर्यंत नजर टाकली. "शेवटची ओळ कुठे संपते," ते म्हणाले, "ते कळायला बरं पडतं."